कुणाच्याच घरचं नसलेलं जेवण

माझ्या मायचा वाढदिवस आधार कार्डाने ठरवला. तिला स्वतःला जन्माचा दिवस माहीत नव्हता, साल तेवढं अंदाजाने सांगायची, आणि कार्ड काढणाऱ्याने पुढची भानगड नको म्हणून एक जानेवारी टाकून दिली. जानेफळात तिच्या वयाची अर्धी माणसं एक जानेवारीचीच आहेत. माय सत्तरीची झाली तेव्हा या कागदावरच्या तारखेला तिला दोन दिवस फिरवून आणायचं मी ठरवलं. मेहकरवरून लोणार, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी सिंदखेडराजा करत चिखली. आणि जेवायचं प्रत्येक वेळी हॉटेलात. नवरा म्हणाला, म्हातारीला भाकरी-ठेच्याशिवाय काही गोड लागत नाही, तिला कसली हॉटेलं दाखवतेस. पण वाढदिवस हे निमित्त होतं. मला माझे दोन्ही भाऊ एका टेबलावर जेवताना तिला दाखवायचे होते.

थोरला जानेफळात शेती करतो, माय त्याच्याकडे असायची. धाकटा धाड गावात, त्याच्या सासुरवाडीला, भाजीपाला करतो. बाबांच्या तेरवीला पंगत बसली होती, धाकट्याच्या पानात वाढून झालं होतं, आणि थोरला सगळ्यांदेखत बोलला, "बाप खाटेवर होता तवा दिसला नाही. जेवाले मात्र वेळेवर आला." धाकटा भरल्या पानावरून उठला. दारात वळून म्हणाला, "आजपासून या घरचं पाणी मले विष हाय."

आमच्याकडे रागाच्या भरात माणसं काहीही बोलतात. वावर विकीन म्हणतात, विहिरीत उडी घेईन म्हणतात, आणि दिवेलागणीपर्यंत विसरतात. पाण्याचं बोललेलं मात्र विसरत नाहीत. ते मोडलं की माणूस हलका ठरतो. त्या दिवशी माझ्या नवऱ्याने धाकट्याला मोटारसायकलवर बसवून स्टँडवर सोडलं, त्याचा अर्थ थोरल्याने आम्ही धाकट्याचा पक्ष घेतला असा लावला आणि चिखलीला माझ्याकडेही पाणी पिणं सोडलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. आमची तीन घरं, आणि तिघांनी एकत्र टेकावं असं त्यांतलं एकही नाही. मायने कधी तक्रार केली नाही. दिवाळीत मात्र ती फराळाला बसायची नाही, नुसती वाढत राहायची.

हॉटेल काही कुणाच्या बापाचं नसतं, हे मला एक दिवस भांडी घासता घासता सुचलं. तसेच ओले हात पुसून धाकट्याला फोन लावला.

त्याने एकच विचारलं, "जेवण कोणाकडं हाय?"

"हॉटेलात. आणि देणार मी."

"मंग येतो."

थोरल्याने ताणलं. "तो येऊन राह्यला त म्या काऊन येऊ?"

"मायचा वाढदिवस हाय म्हणून."

"तिचा वाढदिवस कधीपासून होऊन राह्यला?"

"आधार कार्ड निघालं तवापासून," मी म्हटलं. तो हसला नाही, पण आला. वहिन्यांना आणि माझ्या नवऱ्याला मी मुद्दाम वगळलं. चौघांत जेवढं बिघडेल तेवढंच बिघडावं, असा माझा हिशेब.

भाड्याची गाडी घेऊन मी आणि धाकटा चिखलीहून निघालो. मायला आणि थोरल्याला फाट्यावर बोलावून घेतलं, कारण धाकटा गावात शिरायला तयार नव्हता. थोरला ड्रायव्हरशेजारी बसला आणि मेहकरपर्यंत त्याच्याशीच बोलत राहिला. मेहकरच्या पुढे एका ढाब्यावर उतरलो. तिथे आदल्या रात्रीच्या पार्टीचे फुगे अजून लटकत होते, अर्धे सुकलेले.

"हे माह्यासाठी बांधले काय?" मायने विचारलं.

"हो," मी म्हटलं. तिने फुग्यांकडे पाहिलं आणि पदर नीट केला.

शेवभाजी, वांग्याचं भरीत, ज्वारीच्या भाकरी, सोबत कांदा. जेवण असं की बोटं चाटावीत. पण त्याआधी पाण्याचं झालं. वेटरने जग आणि रिकामे ग्लास आणून आपटले. आमच्या घरात जेवायला बसलं की पाणी भरायचं काम थोरल्याचं, बाबांच्या वेळेपासूनचं. त्याचा हात सवयीने जगाकडे गेला. त्याने चार ग्लास भरले, चारही जणांपुढे सरकवले, आणि मग त्याच्या लक्षात आलं. हात मागे घेता येत होता, ग्लास घेता येत नव्हता.

धाकट्याने ग्लासाकडे पाहिलं आणि वेटरला हाक मारली. "एक बाटली आण."

शेवभाजी जाळ होती. त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि भरलेला ग्लास पुढ्यात ठेवून हा बाटलीची वाट पाहत खोकत बसला. अरे गाढवा, पाणी ढाब्याचं आहे, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण भरलं कुणी, हे त्याच्यासाठी मोठं होतं. मायने तो ग्लास स्वतःकडे ओढला आणि पिऊन टाकला. थोरला भाकरी मोडत राहिला.

लोणारला सरोवराच्या काठावर थोडं फिरलो आणि उजेड असतानाच मुक्कामाच्या हॉटेलवर आलो. मी केक सांगून ठेवला होता. वेटरने मेणबत्ती लावली, टाळ्या वाजवायला दोघे-तिघे जमले, आणि मी मायला म्हटलं, आता फुंकर मार.

"दिवा इझवत असतेत काय?" ती म्हणाली. "आपल्याच हातानं?"

तिने ती मेणबत्ती केकमधून उपटली आणि मिठाच्या डबीशेजारी जळती उभी केली. मग केक कापला. एक तुकडा उचलून थोरल्याच्या तोंडाशी नेला. त्याने अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा तिने तसाच धाकट्याच्या तोंडासमोर धरला. थोरल्याचं उष्टं, मायचा हात. हॉटेलवाल्यांच्या टाळ्या चालूच होत्या, त्यांना काय माहीत. धाकट्याने क्षणभर तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि खाल्ला.

मला इतका आनंद झाला की मी उगाच आणखी एक भजी प्लेट मागवली. ती खाताना थोरला टेबलाच्या मधोमध कुठेतरी बघत म्हणाला, "तुरी वाळून राह्यल्या औंदा." धाकटा भज्याकडे बघत म्हणाला, "आमच्याकडं बी. मर रोग हाय." एवढंच. पण तेरवीनंतरचं त्या दोघांचं हे पहिलं बोलणं. मायने दोघांच्या पानात चटणी वाढली. झोपताना ती मला म्हणाली, "तुह्यं डोकं चालते, बाई." शाळेत पहिला नंबर आला तेव्हाही ती असं म्हणाली नव्हती.

माझं चुकलं ते इथे. मला वाटलं, आता झालं. तिलाही तसंच वाटलं असणार, नाहीतर तिने दुसऱ्या दिवशी पिशवीतला डबा काढला नसता.

दुसऱ्या दिवशीचं जेवण चिखलीत, नव्याने झालेल्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये. काळ्या काचा, भरदुपारी अंधार, बसायला सोफे, ज्यात माय इतकी खाली गेली की तिची हनुवटी टेबलाला लागायची बाकी होती. माझं घर तिथून हाकेच्या अंतरावर. स्वतःच्या गावात, स्वतःच्या मायला, घर सोडून मी परक्याच्या सोफ्यावर जेवायला घालत होते. लाज वाटत होती आणि रागही येत होता. मायने पनीरचा तुकडा बराच वेळ चावला आणि विचारलं, "हे शिजलं नाही काय?" थोरला हसला, धाकटाही हसला. दाल, रोट्या, जिरा राईस असं जेवण सरत आलं, आणि तिने पिशवीत हात घातला.

डब्यात तिळाच्या पोळ्या होत्या. तूप लावून, घड्या घालून ठेवलेल्या.

"घे बापू," ती धाकट्याला म्हणाली. "तुले आवडते म्हणून केल्या."

वास आला आणि आम्ही तिघंही एकाच वेळी समजलो. तीळ थोरल्याच्या घरचे, गूळ थोरल्याच्या घरचा, तवा त्याच्याच चुलीवरचा. तिने निघायच्या दिवशी पहाटे उठून केल्या असणार आणि दोन दिवस योग्य वेळेची वाट पाहत मांडीवर वागवल्या असणार. धाकट्याचा हात थोडा पुढे आलासुद्धा. मग त्याने मान वर केली. भिंतीवर पाटी होती, बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत.

"माय, इथं बाहेरचं चालत नाही," तो म्हणाला. "लिहून हाय तठी."

"थे बाहेरचं नाही," थोरला म्हणाला. "घरचं हाय."

"थेच म्हणून राह्यलो म्या."

थोरल्याचा चेहरा उतरला. तो ओरडेल असं मला वाटलं, पण त्याचा आवाज बारीक झाला. "म्हातारीनं पहाटी उठून लाटल्या. माह्यासाठी नाही, तुह्यासाठी. खाय की रे."

"तिच्या हातचं खाईन. तुह्या घरचं नाही."

मग ओरडले ती मी. जळो तुमचं ते पाणी, म्हणाले, तिच्या सरणावर तरी एकत्र याल का, की लाकडं कुणाच्या घरची ते विचाराल. बाजूच्या टेबलावरची माणसं वळली. वेटर बडीशेप घेऊन आला आणि आल्यापावली परत गेला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, आमच्याकडे तर सुंभही जळत नव्हता.

मायने डब्याला झाकण लावलं. डबा पिशवीत ठेवला, लिंबाच्या गरम पाण्यात बोटं बुडवून पुसली, आणि मला विचारलं, "तुह्या आत्याच्या घराची किल्ली कोणापाशी हाय?"

आत्या वारली, तिची मुलं पुण्याला असतात. जानेफळातलं तिचं दोन खोल्यांचं घर बंदच असतं. "शेजारी असन," मी म्हटलं. "काऊन?"

"म्या तठी राहीन. माह्यी चूल वेगळी मांडीन. ना याचं घर, ना त्याचं घर. हॉटेलावानी." तिने दोन्ही पोरांकडे आळीपाळीने पाहिलं. "दोघायले हॉटेल चालते ना?"

माझा सगळा डाव तिने पहिल्या दिवसापासून ओळखला होता. मला मान वर करवेना.

"नाही," थोरला म्हणाला.

"नाही," धाकटा म्हणाला, जवळजवळ त्याच्यासोबतच.

"लोक माह्या तोंडात शेण घालतीन," थोरला म्हणाला. "दोन पोरं असून मायले वेगळं टाकलं म्हणतीन."

"दादा बरोबर म्हणून राह्यला, माय," धाकटा म्हणाला. "शोभते काय हे?"

दादा. तेरवीपासून तो शब्द त्याच्या तोंडून गेला होता. तो परत यावा म्हणून मी गाडी केली, केक आणला, पनीर खाऊ घातलं, आणि तो आला तो मायला अडवायला. दोघं एका बाजूला झाले होते, एकमेकांच्या बोलण्याला मान हलवत होते. कुणी काचेबाहेरून पाहिलं असतं तर म्हणालं असतं, भाऊ असावेत तर असे.

मायने त्यांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एसटी चुकन त्याची. उठा."

धाकटा बुलडाण्याच्या गाडीने गेला. त्याने मायच्या पाया पडून घेतलं. थोरल्याकडे त्याने पाहिलं नाही, आणि थोरलाही आपल्या मोबाइलमध्ये बघत राहिला.

संक्रांतीच्या आत मायने किल्ली मिळवली. थोरल्याने दोन दिवस तिच्याशी अबोला धरला, वहिनी रडली, धाकट्याने फोनवर मला शिव्या दिल्या की तूच तिच्या डोक्यात भरलं. गॅसची शेगडी मी नेऊन दिली, तेव्हा ती पाण्याचा माठ धूत होती. गाव बोलायचं तेच बोललं. म्हातारीला पोरांनी बाहेर काढलं, लेक मजा पाहते. मी पारावर बसलेल्या दोन बायकांना समजावून सांगायला गेले तर मायने मला हाताला धरून घरी आणलं.

थोरला सकाळी दूध घेऊन येतो आणि तिथेच चहा पितो. गावात शिरायला तयार नसलेला धाकटा आता महिन्यातून एकदा येतो, माठातलं पाणी पितो, जेवतो, दुपारच्या गाडीने जातो. तो यायचा दिवस थोरल्याला माहीत असतो, त्या दिवशी तो दूध मुलीच्या हाती पाठवतो. एका वेळी दोघं अजून बसलेले नाहीत. पान मात्र ती दोघांचं काढून ठेवते.

मागच्या पावसाळ्यात ती तापाने पडली. थोरला पहाटेच मार्केटला गेल्याने दूध पोचलं नव्हतं, दुपार होईपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. मी पोचले तेव्हा अंग तव्यासारखं तापलं होतं आणि ओठ सुकले होते. मी तिला पाणी पाजलं आणि रागाने म्हटलं, पुरे झालं हे, आजच्या आज थोरल्याकडे चल, नाहीतर माझ्याकडे चल.

तिने डोळे उघडले नाहीत. म्हणाली, "मले नेशीन, बाई. मंग थे दोघं पाणी कोठी पेतीन?"