सलग तीन सारखे आकडे

जनरेटर उघडून पुन्हा जोडला की बेअरिंगची परीक्षा घेतात. मशीन पूर्ण वेगाने फिरवायचं आणि दर पंधरा मिनिटांनी बेअरिंगचं तापमान लिहायचं. आकडा चढत जातो, मग थांबतो. सलग तीन आकडे सारखे आले की बेअरिंग पास. काम एवढंच, थांबण्याचं. मला तेच जमत नाही.

तीन वर्षांपूर्वी फरीदाबादच्या आमच्या कारखान्यात एकसष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट अंश असे आकडे आले होते. त्याच संध्याकाळी दिल्लीत पहाडगंजला मुलीच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. बायकोचा फोन आला. "निघालास की नाही अजून? तिचा नाच दुसराच आहे, यार!"

बेअरिंग बसवणारे मिस्त्री त्याच्या बाहेरच्या आवरणावर उलटा हात ठेवून उभे होते. म्हणाले, "साहब, अभी चढ़ रहा है."

"ठहर जाएगा," मी म्हणालो. पुढच्या दोन रकान्यांत चौसष्ट, चौसष्ट लिहिलं, सही केली आणि निघालो.

आठवड्याभरात बेअरिंग जळालं. चौकशीत मिस्त्रींनी सांगितलं, तापमान थांबलंच नव्हतं, हाताला कळत होतं. मोठ्या साहेबांनी माझा कागद काढून मला विचारलं. कागद बरोबर आहे, असं मी म्हणालो. कुणीतरी हसलं, "मिस्त्रीजी, हाथ में मीटर लगवा लो!" दोष त्यांच्या कामावर गेला. तेव्हापासून ते स्टोअरच्या खिडकीतून नटबोल्ट मोजून देतात. मी त्या खिडकीवर जाणं टाळतो.

काल तोच जनरेटर पुन्हा चाचणीला लागला. नवा फिटर म्हणाला, "साहब, अगला भी लिख दूँ? वही तो आएगा." मी त्याच्या हातातून कागद आणि पेन काढून घेतलं. तडक स्टोअरमध्ये जाऊन मिस्त्रींना घेऊन आलो. त्यांनी हात पुसला आणि बेअरिंगवर उलटा ठेवला.

"चढ़ रहा है."

"उस दिन भी चढ़ रहा था," मी म्हणालो. "आख़िरी दो मैंने देखे बिना लिखे थे."

त्यांनी हात काढला नाही. विचारलं, "तो मेरा हाथ झूठा नहीं था?"

"नहीं."

"ये बड़े साहब को भी बताओगे, या सिर्फ़ मुझे?"

पुढच्या आकड्याला सहा मिनिटं होती. मी कागद आणि पेन त्यांच्या हातात दिलं आणि साहेबांच्या केबिनचा जिना चढू लागलो.