आठ खलाशांची गाडी

इंजिन खोलून पुन्हा बसवलं की एखादा नट, एखादा वायसर उरतोच. फेकवत नाही, म्हणून तो डब्यात जातो. आमच्या बोईसरच्या गॅरेजात किश्शांचंही तेच झालं. गाड्या दुरुस्त होऊन गेल्या, किस्से उरले! आणि त्यातले निम्मे एकाच गाडीचे.

गाडी पारशी पिरोजाबाईंची. वाणगावला त्यांची चिकूची वाडी. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. मागे राहिली ती ही महायुद्धाआधीची अमेरिकन गाडी. आठ सिलिंडर, तेही एकामागे एक, एका रांगेत! त्यामुळे बॉनेट एवढं लांब, की गाडी आत घेतली तरी नाक रस्त्यावरच. ती असेपर्यंत गॅरेजचं दार म्हणून लागायचं नाही.

तारापूरला तेव्हा वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं. सिमेंटचा ट्रक घेऊन जाणारा एक सरदारजी पंक्चर काढायला थांबला. उघड्या बॉनेटमध्ये डोकावला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला आणि म्हणाला, "भाईसाब, ये इंजन नहीं, पूरी बारात है!"

* * *

हे इंजिन चालू असलं तरी कळायचं नाही, इतकं शांत. मी गॅरेजात वायरिंगचं बघायचो, म्हणून सगळे मला वायरमन म्हणायचे. एकदा पिरोजाबाईंसमोर ऐटीत सीटवर बसलो आणि स्टार्टर दाबला. असा काही करकराट झाला, की समोरच्या हॉटेलातली गिऱ्हाइकं कपबशा घेऊन बाहेर आली. इंजिन आधीच चालू होतं!

पिरोजाबाई शांतपणे म्हणाल्या, "डिकरा, झोपलेल्याला उठवतात. जाग्या माणसाला कशाला उठवतो?"

पुढचे कितीतरी दिवस मी चहा मागितला, की हॉटेलवाला विचारायचा, "वायरमन, आधी बघा, प्यायलात तर नाही ना?"

* * *

आमचा हरी मिस्त्री घिवलीचा. त्याचा बाप तिथला तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान. होडीवर माणसं आठ. हरीनं काय करावं? सिलिंडरांना त्या आठ जणांची नावं ठेवली! सगळ्यात पुढचा पांडू, मग बाळ्या, मग जान्या, असं करत सगळ्यात मागचा आठवा म्हणजे बाबा. तांडेल मागे सुकानाजवळ बसतो ना, म्हणून. हा आठवा रेडिएटरपासून सगळ्यात लांब, त्यामुळे तापायचाही तोच. हरी म्हणायचा, "अगदी आमच्या बाबांवर गेलाय!"

एकदा पिरोजाबाई दारात आल्या, तेव्हा हरी प्लग हातात धरून मला सांगत होता, "पांडू मेलाय. सकाळपास्नं गार पडलाय."

बाईंनी डोक्यावर रुमाल घेतला आणि तशाच परत फिरल्या. संध्याकाळी वाडीतला गडी टोपलीभर चिकू घेऊन आला. "बाई म्हनल्या, पांडूच्या घरी द्या. आन पोरं किती हायत ते विचारून ये."

* * *

आठ सिलिंडरचा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याचं झाकण यांच्यामध्ये बसतो तो पत्रा, कुठे मिळणार? शेवटी पालघरच्या तांबटाकडून तांब्याचा पत्रा कापून घेतला. हा हातभर लांब, आणि त्यात ओळीनं आठ गोल भोकं. मी आणि हरी तो धरून एसटीत बसलो. शेजारी मासळीवाल्या. त्यांची आपसात कुजबुज सुरू झाली.

"आप्पेपात्र हाय वाटतं. आठ एकदम!"

त्यातल्या एका म्हातारीनं भोकातून बोट आरपार घातलं आणि हरीकडे कीव आल्यासारखं बघितलं. "लेका, फसवलं रं तुला. ह्याला बूडच नाय!"

* * *

आता हरीचं दुखणं सांगतो. त्यानं समुद्र सोडून हातात पाना घेतला, त्या दिवसापासून बापानं त्याच्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, मारहाण नाही. नुसतं बोलायचं नाही.

नारळी पुनवेला हरी मला घरी जेवायला घेऊन गेला. बापलेक शेजारी शेजारी बसलेले. म्हातारा बायकोला म्हणाला, "त्याला विचार, भाकर पायजे का."

आई म्हणाली, "हऱ्या, भाकर घेतोस?"

"बाबांना सांग, अर्धी."

"अर्धी सांगतो."

म्हातारा तडकला. "त्याला सांग, अर्धी पावन्याला वाढतात. आखी घे म्हनावं!"

मला हसू आवरेना. बाहेर आल्यावर हरी हात पुसत म्हणाला, "हस तू, वायरमन. मला फकस्त एकदा त्यांनी तोंडानं हऱ्या म्हनू दे. दुसरं काय नको."

मग मात्र माझं हसू गेलं. फार वाईट वाटलं मला त्या दिवशी.

* * *

गाडीचं सगळं काम झालं. नवा रंग, नवी गादी, आठही खलाशी खडखडीत बरे. पिरोजाबाई मागच्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "हरी, आधी घिवली. तुझ्या बापाला दाखव, पोरानं काय केलंय ते."

सकाळची वेळ, ओहोटी लागलेली. हरीला चेव आला. त्यानं गाडी थेट किनाऱ्यावर घातली, ओल्या घट्ट वाळूवरून ऐटीत पळवली, आणि वळवताना मागची चाकं मऊ वाळूत रुतली. आम्ही ढकलतोय, खणतोय, गाडी आणखीच खाली! तेवढ्यात पाणी चढायला लागलं. हरी खणायचा थांबला.

"वायरमन, आज तिथ कंची?"

मला काय ठाऊक! अमावस्या होती. उधाणाची भरती. तांडेलाचा मुलगा, आणि तिथ विसरला होता!

पिरोजाबाईंना कसंबसं उतरवलं. त्या गाडीकडे बघत राहिल्या. नवऱ्याची तेवढीच तर वस्तू होती त्यांच्याकडे.

एवढ्यात वरून हरीचा म्हातारा आला. मागे गावातली माणसं, दोरखंड, होडी ओढताना खाली घालतात त्या फळ्या. त्यानं फळ्या चाकांखाली घातल्या, दोर बांधला. बायकाही ओढायला लागल्या. हरी स्टिअरिंगवर. स्टिअरिंग जरा हललं तरी चाक फळीवरून घसरणार. लाट दारापर्यंत आली.

म्हातारा बायकोवर ओरडला, "त्याला सांग, सुकान सरळ धर!"

हरीची आई दोराला लोंबकळत होती, तिला धाप लागली होती. "माझ्यात दम नाय! तुमीच सांगा!"

पुढची लाट आली. गाडी तिरकी व्हायला लागली. आणि म्हातारा जीव खाऊन ओरडला, "हऱ्या! सुकान सरळ धर! हऱ्या!"

गाडी निघाली. वर, सुक्या वाळूवर येऊन उभी राहिली. सगळे दमून खाली बसले. हरी तसाच आत, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून, डोळ्यांतून धारा.

पिरोजाबाई खिडकीशी गेल्या. "अरे डिकरा, गाडी निघाली नी. आता सोड ते."

हरी समोर बघतच म्हणाला, "बाबांनी धर सांगितलंय, बाई. सोड कुठं सांगितलंय?"