तिसऱ्या जागेवरची मुलगी

बाईंची इंग्रजी शिकवायची पद्धत अख्ख्या गल्लीत प्रसिद्ध होती. घराच्या पुढच्या खोलीत चार बाकं, भिंतीला टेकवलेला फळा, आणि तुलनेचे शब्द शिकवायची वेळ आली की तीन पोरं फळ्यापुढे उभी! "दोघांत एर, तिघांत एस्ट," बाई खडू आपटत म्हणायच्या. "हा टॉल, ही टॉलर, आणि हा आमचा खांब, द टॉलेस्ट!" वर्ग खिदळायचा. शब्द लांबलचक असला तर मोअर आणि मोस्ट, गुडचं बेटर आणि बेस्ट, सगळं असंच पोरांना ओळीत लावून. इथे शिकलेलं पोर ते जन्मात विसरायचं नाही, हे मात्र खरं.

पण सगळे शब्द काही चांगले नसतात. स्लो असतो, वीक असतो, लेझी असतो. पहिल्या दोन जागांवर बाई हुशार, हसरी पोरं उभी करायच्या, ती हसण्यावारी न्यायची. तिसरीचं काय? परक्याच्या पोराला भर वर्गात "द स्लोएस्ट" म्हणायचं बाईंच्या जिवावर यायचं. मग त्यांनी सोपा मार्ग काढला. घरचीच होती की एक, त्यांची एकुलती एक लेक! आपल्या हाडामांसाची पोर, ती कशाला वाईट वाटून घेईल? वर लोक वाहवा करायचे, बाई स्वतःच्या मुलीलाही पाठीशी घालत नाहीत म्हणून.

आठ वर्षांची असल्यापासून सोळाची होईपर्यंत लेक त्या तिसऱ्या जागेवर उभी राहिली. कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? अहो, वर्षानुवर्षं चारचौघांत तेच ऐकायचं म्हणजे गंमत राहते का? दहावी झाली आणि लेकीने पुस्तकं माळ्यावर टाकली. "मला नाही जमायचं," एवढंच म्हणाली. बाईंनी शेजारणीला सांगितलं, "तिला मुळात गोडीच नाही हो."

लेक औषधांच्या दुकानात कामाला लागली. डॉक्टरांचं गिचमिड अक्षर तिच्याइतकं झटकन कुणालाच लागत नाही, असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचा. बाईंच्या कानावर ते आलं, पण त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे लेकीचं लग्न झालं, तिलाही मुलगी झाली. माहेरी येणं मात्र कमी कमी होत गेलं.

बाईंचं वय झालं, वर्गात पाच-सहा पोरं उरली. नवरा जाऊन तर जमाना लोटला होता. दहा वर्षांची नात इंग्रजीत कच्ची आहे असं कळल्यावर बाईंनी लेकीमागे धोशाच लावला. "शनिवारी तिला माझ्याकडे पाठव. मी आता आहे तरी कशासाठी?" म्हातारीला शिकवायचं कमी आणि माणूस हवं होतं जास्त. लेक सहा महिने टाळत राहिली. शेवटी म्हणाली, "एकदा घेऊन येते. मी मागे बसून बघेन, मग ठरवू."

त्या शनिवारी बाईंनी सकाळीच बाकं पुसली. नात आली, पहिल्या बाकावर बसली. बिग, बिगर, बिगेस्ट तिने न अडखळता म्हटलं, तेव्हा बाईंना आभाळ ठेंगणं झालं. पुढचा शब्द होता वीक. बाईंनी दोन मुलांना पुढे घेतलं आणि सवयीनेच म्हणाल्या, "आणि तू ये गं, सोन्या." आजीने बोलावलं म्हणून पोर उडी मारून उठली आणि तिसऱ्या जागेवर छाती काढून उभी राहिली.

"वीक, वीकर..."

"थांब, आई." लेक मागच्या बाकावरून उठली होती.

"अगं, गंमत असते ती! दुसऱ्यांच्या पोरांना कसं म्हणू? ही आपली आहे म्हणून..."

"मीही तुझीच होते. मला वाटायचं, तुला मी खरंच तशी दिसते."

"छे गं!" बाई कळवळल्या. "सगळ्यांत हुशार तूच होतीस. मला काय ठाऊक नव्हतं?"

"मग एकदा तरी बोलायचंस ना," लेक म्हणाली. तिने मुलीचा हात धरला आणि दोघी निघून गेल्या. बाईंनी उरलेल्या पोरांना घरी पाठवलं.

सोमवारी लेकीचा फोन आला. नातीला तिकडेच शिकवणी लावली होती.

"बरं केलंस," बाई म्हणाल्या. मग त्यांनी धीर करून विचारलं, "नुसतं भेटायला तरी पाठवशील ना तिला?"

"आणेन की," लेक म्हणाली. "पण तुझ्याजवळ एकटीला नाही सोडणार."