कॉल इट अ डे आणि दोन एकर सोयाबीन

धाकट्या भावाच्या दोन एकर सोयाबीनमधलं तण यंदा माझ्या इंग्रजीनं वाढवलं.

सेलूच्या शाळेतून इंग्रजीचा मास्तर म्हणून निवृत्त झालो, त्याला तीन वर्षं झाली. बायको त्याआधीच गेली, मुलगा पुण्यात. घरात बोलायला भिंती आणि कुकर (त्यातल्या त्यात कुकर बरा, उत्तर तरी देतो). भावाला माझी दया आली असावी. म्हणाला, "दादा, खुरपणीच्या बायांवर ध्यान ठेवा. तुमी निस्तं बसायचं." पाच बाया रानात, मी बांधावर. मला तर वर्गच दिसला!

काम थांबवण्याचे वाक्प्रचार घेतले. म्हटलं, रोजच्या उपयोगाचे. दम खायचा तर 'टेक अ ब्रीदर'. सुट्टी करायची तर 'नॉक ऑफ'. रागानं काम बंद पाडायचं तर 'डाउन टूल्स', म्हणजे खुरपी खाली. आजचं काम पुरे, तर 'लेट्स कॉल इट अ डे'. त्यांच्यातली सखूबाई तेवढी 'थ्रो इन द टॉवेल'वर अडली. हार मानायला टॉवेल कशाला लागतो म्हणे. तिला मुष्टियुद्ध समजावण्यात माझी एक दुपार गेली. त्यांचीही गेली.

माझा नोकरीतला जुना नियम होता : वाक्य नुसतं पाठ करायचं नाही, वापरायचं. जे म्हणाल ते झालं पाहिजे, नाहीतर वाक्य खोटं. तिसऱ्या दिवशी तीन वाजता सखूबाई उभी राहिली, पदर सावरला आणि म्हणाली, "सर, लेट्स कॉल इट अ डे."

असा उच्चार मी अख्ख्या नोकरीत ऐकला नव्हता. नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी हेच वाक्य दोन वाजता आलं. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळच्या भाकरीनंतर लगेच 'नॉक ऑफ' झालं, तेही पाचही जणींच्या एका सुरात. (मी टाळ्या वाजवल्या. हे भावाला अजून सांगितलेलं नाही.) मग त्या लिंबाखाली बसून पुढचा धडा मागायच्या. मला ते लय आवडायचं.

आठव्या दिवशी भाऊ आला. तणातलं सोयाबीन बघायला त्याला वाकावं लागलं. त्यानं बायांना पुन्हा रानात धाडलं. खुरपं माझ्या हातात दिलं. "दादा, कडंची पात तुमची. अन् तोंड बंद."

पात म्हणजे एकेकाच्या वाट्याची ओळ. ती शेवटाला नेल्याशिवाय उठायचं नसतं. बायांनी चार दिवसांत सगळं रान साफ केलं. मी अजून माझ्या पातीच्या मध्यावरच! गुडघे बोंबलत होते, कंबर सरळ होत नव्हती. पण शेजारून सुनांच्या, शेळ्यांच्या गोष्टी कानावर यायच्या, कुणाच्या तरी डब्यातली चटणी माझ्या भाकरीवर यायची. खरं सांगतो, मला घरी जायचं नव्हतं. एकेक गवत मी पेपर तपासावा तसं निरखून उपटत होतो.

शेवटच्या दिवशी भाऊ शेजारी येऊन उकिडवा बसला. "लय झालं, दादा. उद्यापासून बाया यायच्या न्हाईत. उठा, घरी जा आता."

मी खुरपं सोडलं नाही. विचारलं, "हरभरा कधी पेरायलास?"