दौलतची रजा

दौलत गेल्याचा निरोप महाल भागातल्या माझ्या घरी आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. ताट तसंच सोडून कन्हानला त्याचं घर गाठलं, पण शेवटच्या दर्शनाला उशीर झाला होता... त्याला आता तीन आठवडे होतील. कचेरीत वीस वर्षं आम्ही शेजारी बसलो आणि एवढ्या वर्षांत जे त्याच्याजवळ बोलायला हवं होतं, ते मी आज इथं लिहितो आहे. माझी ही जुनी खोड.

हॉकी खेळतो म्हणूनच साहेबांनी त्याला नोकरीत घेतलं. कामठीच्या छावणीतले गोरे बूट घालून धावत, हा अनवाणी. पण चेंडू याच्या काठीला लागला की त्यांच्या तोंडचं पाणी पळे. एकदा जबलपूरहून प्रांताच्या निवडीचं बोलावणं आलं. तिथं जो नजरेत भरेल त्याला बोटीनं परदेशी खेळायला जाण्याची आशा होती. हवी होती फक्त पंधरा दिवसांची रजा. माझं इंग्रजी बरं, म्हणून अर्ज मी लिहिला, आणि मित्राच्या अभिमानापायी वाहवत गेलो. लिहिलं, 'याच्यावाचून आपल्या कचेरीचा संघ उभाच राहू शकत नाही.' साहेबांनी नेमकी त्याच ओळीखाली लाल रेघ ओढली. कचेऱ्यांच्या ढालीचे सामने त्याच पंधरवड्यात होते. रजा नामंजूर! नोकरी सोडावी तर घरात खाणारी सहा तोंडं.

मी त्याला टाळत होतो. शेवटी तोच आला.

"काहून तोंड पाडून राहिला गा, नाना? तू तं माही तारीफच केली न."

"दुसरा अर्ज लिहू?"

"त्यात काय लिहिशीन? मले खेळता येत नाही म्हणून?"

ढाल आम्ही जिंकली. साहेबांनी ती आपल्या खोलीत टांगली, आणि दौलत रोज फायली घेऊन तिच्याखाली उभा राहू लागला. चांगले खेळाडू जगापुढं का येत नाहीत, यावर विद्वान खुशाल भांडोत. आमचा दौलत माझ्या एका ओळीत अडकला, एवढं मला ठाऊक आहे. त्याची माफी मागायचं धाडस माझं कधीच झालं नाही.

परवा दौलतच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. घरातली बाकीची माणसं केव्हाच पांगली; एकट्या असल्यानं त्या आता दिवसाही दार आतून लावून घेतात. निघताना त्यांनी दाराला आडवा घातलेला अडणा काढला, तर ती दौलतची काठी! मुठीवरची कापडाची पट्टी तशीच होती.

"ही इथं कधीपासून, वहिनी?"

"ढाल आली त्या सालापासून, भाऊजी. त्यायनंच लावली. म्हणे, इथं बराबर बसते."

मी पायरी उतरलो. मागं दार लागलं, आणि काठी आपल्या जागी बसल्याचा आवाज आला...