परत आलेला कुर्ता

दुपारी कुरिअरवाला दारात आला आणि त्याने एक पाकीट पुढे केलं. पाकीट आमचंच होतं. माझी बायको नंदा घरी कुर्ते शिवते आणि ऑनलाइन विकते. त्यातलाच एक गिऱ्हाइकाने परत पाठवला होता. तिने तो उलगडून नाकाशी धरला. त्याला अत्तराचा वास येत होता.

"कुणीतरी समारंभात घालून परत केलाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात रागापेक्षा भीतीच जास्त होती.

एका कुर्त्यामागे उरतं ते इतकं थोडं, की एक परत आला तरी त्याच्या येण्याजाण्याच्या खर्चात आधीच्या कितीतरी कुर्त्यांची मेहनत जाते. मी म्हटलं, "किंमत थोडी वाढवून बघ."

तिने वाढवली, आणि ऑर्डरी थांबल्या. शिलाई मशीन गप्प झालं. फोनवर आमच्या कुर्त्याशेजारी तसाच दुसरा कुर्ता स्वस्तात दिसत होता. तो विकणाराही असाच धास्तावून बसला असेल का? मोठी दुकानं म्हणे वर्षानुवर्षं तोटा सोसतात. त्यांच्यामागे पैसा ओतणारं कुणीतरी असतं. आमच्यामागे कुणीच नाही.

शेवटी काही दिवसांनी नंदाने किंमत पुन्हा उतरवली. संध्याकाळपर्यंत भराभर ऑर्डरी आल्या. ती जमिनीवर कापड पसरून बेतायला बसली.

"आता तरी बरं वाटलं ना?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. कात्री नव्या कापडातून सरसर पुढे जात होती, आणि नंदाला थांब म्हणावं की नको, हे मला कळत नव्हतं.