हेळव्याच्या वहीतली पणजी

सुगी झाली की आमच्या गावात हेळवी येतो आणि वहीतली वंशावळ वाचून दाखवतो. यंदा मीही ऐकायला बसले. सात पिढ्यांच्या पुरुषांची नावं वाचून झाली, तेव्हा मी विचारलं, "आणि पणजीचं नाव?"

"बायकांची नावं लिवत न्हाईत, ताई."

ऐंशीचे माझे वडील एकदम म्हणाले, "कोंडाबाई. आजा पटकीनं गेला, तवा एकटीनं रान कसून चार पोरं जगवली तिनं. ती नसती तर तुझी वही तिथंच संपली असती."

हेळव्यानं वही पुढं केली. "मालक, तुमीच लिवा."

जिच्यामुळे आम्ही सगळे आहोत, ती आजवर फक्त एका म्हाताऱ्याच्या आठवणीत उरली होती. वडिलांनी सावकाश नाव लिहिलं. त्याकडे बघत ते म्हणाले, "तिला वाचता येत नव्हतं गं."